जामीन मंजूर झाला आहे, पण जामीनदार नाही

ओंजळ (धागाकर्ती)

गेल्या वर्षी आमच्या घराच्या वरच्या मजल्याचे बांधकाम चालू असताना एक गवंडी पाच महिने आमच्याकडे कामाला होता. तो परजिल्ह्यातला आहे, आणि बायको व दोन मुलांसह इथे पत्र्याच्या खोलीत राहत होता. आमचे काम संपल्यावर तो दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला. तिथून तांब्याची वायर चोरीला गेली आणि ठेकेदाराच्या फिर्यादीत याचे नाव आले. मालाची किंमत १८,००० रुपये लिहिली आहे. दोन दिवस पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि अटकेनंतर तेविसाव्या दिवशी न्यायालयाने जामीन मंजूर केला. अट अशी की १५,००० रुपयांचा जातमुचलका, म्हणजे हजर राहण्याची स्वतःची लेखी हमी, द्यावा आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार आणावा.

या आदेशाला आता नऊ आठवडे झाले आणि तो अजून तुरुंगातच आहे. त्याचा भाऊ सात-बारा घेऊन आला होता, पण जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. रोख रक्कम भरण्याची ऐपत नाही. परवा त्याची बायको आमच्या दारात आली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या नावावर घर आहे, तुम्ही सही कराल का?"

घरात यावर एकमत नाही. माझ्या यजमानांचे म्हणणे असे की पाच महिन्यांची ओळख ही ओळख नव्हे, आणि उद्या तो पळून गेला तर न्यायालय आपल्याला धरेल. सासरे म्हणतात की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मला त्यांची भीती समजते. पण रात्री झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीमुळे. ज्या न्यायाधीशांसमोर हे प्रकरण आहे त्यांनी अजून एकाही साक्षीदाराचे म्हणणे ऐकलेले नाही, मात्र या माणसाला बाहेर ठेवण्यास हरकत नाही एवढे त्यांनी ठरवले आहे. मग हे नऊ आठवडे तो नेमका कशाबद्दल आत आहे? चोरीबद्दल म्हणावे, तर ती सिद्ध झालेली नाही. पळून जाण्याच्या भीतीने म्हणावे, तर ती भीती जमेस धरूनच जामीन दिला असणार.

तर प्रश्न दोन आहेत. जामीनदार राहावे का, हा एक. आणि ज्याच्या ओळखीत घर किंवा जमीन असलेला माणूस नाही, त्याने आपल्या न्यायव्यवस्थेत काय करायचे, हा दुसरा. जाणकारांनी कृपया लिहावे.

पायवाट

तो निर्दोष आहे याची तुमची खात्री असेल तरच सही करा. नसेल तर सहानुभूती बाजूला ठेवलेली बरी.

कलमकर

मी २२ वर्षे फौजदारी वकिली करतो आहे, म्हणून पायवाट यांच्या प्रतिसादातला एक गैरसमज आधी दूर करतो. जामीनदार हा आरोपीच्या निर्दोषत्वाची हमी देत नसतो. तो फक्त एवढीच हमी देतो की हा माणूस तारखेला न्यायालयात हजर राहील. आरोपी उद्या दोषी ठरला तरी जामीनदाराचा एक रुपयाही जात नाही. तो गैरहजर राहिला तर मात्र न्यायालय मुचलका जप्त करते, जामीनदाराला नोटीस काढून कारण विचारते, आणि समाधान झाले नाही तर मुचलक्यात लिहिलेली रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. ओंजळ यांच्या बाबतीत ही जोखीम १५,००० रुपयांची आहे, घराची नाही. आपली जबाबदारी संपवावी असा अर्जही जामीनदाराला पुढे कधीही करता येतो. अशा वेळी न्यायालय आरोपीला दुसरा जामीनदार आणायला सांगते.

आता दुसरा प्रश्न. हुबेहूब हेच प्रकरण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात गेले होते आणि तिथला आरोपीही गवंडीच होता. मोती राम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या नावाने ते ओळखले जाते. दंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि भाऊ पुढे आला, तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात विचारले होते की एका प्रांतातला माणूस दुसऱ्या प्रांतात पकडला गेला, तर त्याने त्या गावचा जामीनदार आणायचा कुठून. जामिनाची रक्कम अवाजवी नसावी, हे कायद्यातही लिहिलेले आहे. त्याच न्यायमूर्तींनी त्याच्या आदल्या वर्षी, १९७७ मध्ये, राजस्थान विरुद्ध बालचंद या प्रकरणात जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद असल्याचे सांगितले होते. याला जवळपास पन्नास वर्षे होत आली आणि आजही एका गवंड्याचा भाऊ सात-बारा हातात घेऊन परत जातो.

सायली_द

मला हा धागा वाचून त्रास झाला, आणि तो लपवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

माझ्या मामाचा जमिनीच्या वादातून खून झाला त्याला अकरा वर्षे झाली. आरोपी चौघे होते आणि सव्वा वर्षात चौघेही जामिनावर बाहेर आले. त्यांच्याकडे जामीनदारांची कमतरता नव्हती. त्यातला एक जण रोज आमच्या मामीच्या अंगणासमोरून मोटारसायकलने जात असे. पहिला साक्षीदार फितूर झाला तेव्हा मामी गप्प राहिली. दुसरा फितूर झाला तेव्हा तिने मला विचारले की आता तारखेला जायचे कशाला. निकाल लागला तेव्हा चौघेही संशयाचा फायदा मिळून सुटले.

आरोपीचे हक्क, आरोपीची गरिबी, आरोपीचे निर्दोषत्व यांवर निकालपत्रे लिहिली जातात. ज्याच्या घरातला माणूस गेला त्याला पुढची तारीखसुद्धा कोणी कळवत नाही. जामीन हा नियम आहे असे कोणी म्हटले की मला ती मोटारसायकल ऐकू येते.

पायवाट

सायली, वाचून फार वाईट वाटले. कलमकर यांनी केलेली दुरुस्तीही मला मान्य आहे. जामीनदार म्हणजे चारित्र्याची हमी, अशीच माझी आजवर समजूत होती.

उत्तररात्र

सायली यांचे दुःख कुठल्याही आकड्याने कमी होणार नाही हे मला माहीत आहे. तरी एक आकडा द्यावासा वाटतो, कारण तो त्यांच्या विरोधात जात नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. हे प्रमाण ७५.८ टक्के भरते. सगळ्या तुरुंगांची मिळून अधिकृत क्षमता ४,३६,२६६ होती. म्हणजे शिक्षा झालेला एकही माणूस आत नसता, तरी केवळ निकालाची वाट पाहणाऱ्यांनीच देशातले तुरुंग भरले असते.

सायली यांच्या मामीला अकरा वर्षांत जे सोसावे लागले आणि या गवंड्याला नऊ आठवड्यांत जे सोसावे लागते आहे, त्यांचे मूळ मला एकच दिसते. खटला वेळेवर चालत नाही. तो सहा महिन्यांत चालला असता तर साक्षीदारांवर दबाव आणायला सवड मिळाली नसती आणि जामिनाचा प्रश्नही एवढा जीवघेणा झाला नसता. ज्याच्याकडे पैसा आहे तो हा उशीर बाहेर राहून वापरतो आणि ज्याच्याकडे नाही तो आत राहून भोगतो. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतली जी माणसे समोर आली, त्यांतले कित्येक जण त्यांच्या गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेपेक्षाही अधिक काळ खटल्याविना आत होते. जलद खटला हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे त्या वेळी न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले. ते जितके आरोपीसाठी खरे आहे तितकेच मामीसाठीही खरे असायला हवे.

जुना_नाझर

माझी सगळी नोकरी जिल्हा न्यायालयात गेली, त्यामुळे टेबलाच्या आतल्या बाजूने हे कसे दिसते ते लिहितो.

स्थानिक जामीनदाराचा आग्रह दुष्टपणातून आलेला नाही. आमच्याकडे धंदेवाईक जामीनदार यायचे. एकच माणूस, एकच सात-बारा, कधी खाडाखोड केलेला, कधी मेलेल्या माणसाच्या नावाचा, आणि त्यावर पाच-पाच आरोपी सुटलेले. आरोपी पळाला की पत्त्यावर कोणीच सापडत नसे. म्हणून पडताळणी कडक होत गेली. बाहेरच्या जिल्ह्यातल्या तलाठ्याकडून सात-बारा खरा आहे की नाही हे मागवण्यापेक्षा आपल्याच तालुक्यातला माणूस मागणे सोपे जाई. आपण किती जणांना जामीन राहिलो आहोत हे जामीनदाराने प्रतिज्ञेवर सांगण्याची तरतूद कायद्यात त्याच अनुभवातून आली. पण या सगळ्याचा परिणाम उलटाच झाला, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. धंदेवाईक माणसाला पैसे देऊ शकणारा सुटत राहिला आणि खरा सात-बारा घेऊन आलेला भाऊ परत जात राहिला.

दुसरी गोष्ट फारशी कोणी लिहीत नाही. खटल्याची तारीख असते, साक्षीदार पदराचे पैसे खर्चून आलेला असतो, न्यायाधीश बसलेले असतात, आणि तुरुंगातून निरोप येतो की गार्ड उपलब्ध नाही म्हणून आरोपीला आणता येत नाही. सणाचा बंदोबस्त, मंत्र्यांचा दौरा, निवडणूक, काहीही कारण असते. रोजनाम्यात लिहिले जाते, "आरोपी हजर केला नाही", आणि पुढची तारीख पडते. मी ते वाक्य इतक्या वेळा वाचले आहे की निवृत्तीनंतरही अक्षरे डोळ्यांसमोर येतात. हल्ली दूरचित्र सुनावणीची सोय झाली आहे, तिने कोठडीची मुदत वाढवण्याचे काम भागते. पण आरोपीला आपल्या वकिलाच्या कानात दोन शब्द बोलायचे असतील तर ती सोय पुरी पडत नाही.

खाकीतला

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. धाग्यात पोलिसांचा उल्लेख अजून आलेला नाही, म्हणून आपणहून लिहितो.

१८,००० रुपयांच्या वायरीसाठी अटक आवश्यक होती का? कायद्याप्रमाणे बहुधा नव्हती. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक आपोआप करायची नाही, आधी नोटीस द्यायची आणि अटक केलीच तर कारणे लिहायची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. ते आम्हाला ठाऊक असते. पण ठाण्यात फिर्यादी रोज येऊन बसतो आणि विचारतो की अजून आत कसा टाकला नाही. अटक झाली म्हणजे तपास झाला, असे लोकांना वाटते, वरिष्ठांना वाटते आणि खरे सांगायचे तर आम्हालाही वाटू लागते. त्यात आरोपी परजिल्ह्यातला आणि पत्र्याच्या खोलीत राहणारा असेल, तर तो नोटिशीवर पुन्हा येईल यावर अधिकारी विश्वास ठेवत नाही. मीही अनेकदा ठेवला नाही. त्यांतले काही खरोखर पळाले असते, आणि बरेचसे पळाले नसते, असे आज वाटते.

माळरान

खाकीतला, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलेत म्हणून मीही लिहितो. मी एका विमुक्त जमातीतला आहे.

१८७१ च्या कायद्याने आमच्यासारख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी आमच्यावरून उठला आणि आम्ही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण मी शाळेत असताना आजूबाजूला घरफोडी झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या पालांवर गाडी यायची. माझ्या चुलत्याला तीन वेळा नेले. तिन्ही वेळा तो सुटला, आणि प्रत्येक सुटकेनंतर त्याची नोंद आणखी जाड झाली, कारण "यापूर्वीही संशयित" असे पुढच्या कागदावर लिहिता येऊ लागले.

ज्यांना वाटते की न्यायालयात शेवटी सत्य बाहेर येतेच, त्यांनी नाशिकचे प्रकरण पाहावे. जून २००३ मधल्या दरोडा, बलात्कार आणि खुनांच्या त्या भयंकर गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना आरोपी केले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. प्रत्यक्षदर्शी महिलेने गुन्ह्यानंतर काही दिवसांतच पोलिसांकडच्या छायाचित्रांतून चार वेगळीच माणसे ओळखली होती, आणि त्यांच्यावर खटलाच चालला नाही. सहा जणांनी सोळा वर्षे तुरुंगात काढली, त्यातला बराच काळ फाशीच्या छायेत, आणि अटकेच्या वेळी त्यांतला एक अल्पवयीन होता. प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला.

सायलीताई, मी तुमच्या मामीच्या विरोधात बोलत नाही. त्या प्रकरणातही एक कुटुंब उद्ध्वस्त झाले होते आणि खरे गुन्हेगार त्यांना कधी मिळाले नाहीत. निर्दोष माणूस आत जातो तेव्हा दोषी बाहेर राहिलेला असतो.

सरळरेघ

अशा अवस्थेत पोलिसांनी जागेवरच निकाल लावला तर लोक पेढे वाटतात, त्याचे आश्चर्य वाटायला नको. लोकांना वीस वर्षे थांबायचे नाही.

माळरान

त्या गोळ्या पहिल्यांदा कोणाच्या वस्तीवर झाडल्या जातील, हे आम्हाला विचारा.

कलमकर

सरळरेघ, ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या आरोपातले चार जण पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हा पुष्पवृष्टी झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ साली निष्कर्ष दिला की गोळीबार ठार मारण्याच्याच हेतूने जाणीवपूर्वक केला गेला होता. ते चौघे दोषी होते की नाही, हे आता कोणतेही न्यायालय सांगू शकत नाही. त्या तरुणीच्या आईवडिलांनाही ते कधी सिद्ध होऊन मिळणार नाही. थांबायला लागू नये ही लोकांची मागणी रास्त आहे, पण त्याचे उत्तर अधिक न्यायाधीश, अधिक सरकारी वकील आणि वेळेवर येणारे न्यायवैद्यक अहवाल हेच आहे.

सरळरेघ

मारून टाकावे असे माझे म्हणणे नव्हते. लोकांचा धीर का सुटतो एवढेच सांगायचे होते. ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या रेल्वे स्फोटांचेच पाहा. १८० हून अधिक माणसे गेली. २०१५ साली बारा जणांना शिक्षा झाली, त्यांतल्या पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. एकोणीस वर्षांनी त्या प्रवाशांच्या घरच्यांनी कोणाकडे बोट दाखवायचे? आणि निकाल कायम राहिला तर त्या बारा जणांनी कोणाकडे?

शेवंती

पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघाताचा उल्लेख अजून कसा आला नाही? मे २०२४ मध्ये दोन तरुण अभियंते महागड्या मोटारीखाली चिरडले गेले आणि अल्पवयीन चालकाला काही तासांत, ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला. इकडे १८,००० रुपयांच्या वायरीसाठी तीन महिने.

कलमकर

शेवंती, तुमचा संताप मला कळतो, पण बोट योग्य जागी ठेवायला हवे. बालन्याय कायद्यात अल्पवयीनाला जामीन देणे हाच मूळ नियम आहे आणि तो नियम चांगला आहे. त्या प्रकरणात खरोखर भयंकर होते ते रक्ताचा नमुना बदलल्याचे आरोप, ज्यांवरून डॉक्टरांनाही अटक झाली. आणि अन्याय्य होते ते हे की इतकी तत्पर सुनावणी गरीब घरातल्या मुलांच्या वाट्याला येत नाही. श्रीमंताचा जामीन काढून घेतल्याने गवंडी सुटणार नाही. त्याला मिळाली ती तत्परता याला मिळायला हवी.

सायली_द

दोन दिवस मी काही लिहिले नाही. माळरान यांचा प्रतिसाद तीनदा वाचला.

मी माझे म्हणणे मागे घेत नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि ती ओरडली नाही. लोक रस्त्यावर उतरले म्हणून १९८३ साली कायदा बदलला. पीडितांनी आवाज चढवला नाही तर त्यांच्यासाठी काहीच बदलत नाही, हे मी त्यातून शिकले. म्हणून मी आवाज चढवते.

पण मामीशी बोलले. तिला विचारले की ते चौघे पहिल्या दिवसापासून आतच राहिले असते तर तुला बरे वाटले असते का. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली की साक्षीदार बोलले असते तर बरे वाटले असते. त्यांना घाबरवले गेले हे सगळ्या गावाला माहीत होते आणि जामीन रद्द करावा असा अर्ज सरकारी बाजूने एकदाही केला नाही. आपल्याला तसे काही मागता येते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

कलमकर

सायली, मामींनी नेमकी जागा दाखवली. जामिनाचा गैरवापर झाला तर तो रद्द होऊ शकतो, आणि त्यासाठी फिर्यादी पक्षाला स्वतःच्या वकिलामार्फतही अर्ज करता येतो. लखीमपूर खेरी प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचा जामीन रद्द केला, आणि पीडितांना जामिनाच्या टप्प्यावरही म्हणणे मांडण्याचा हक्क आहे हे सांगितले. निर्दोष सुटकेविरुद्ध पीडिताला स्वतः अपील करण्याचा हक्क २००९ च्या अखेरीस कायद्यात आला. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यानुसार, तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. हे सगळे कागदावर आहे, आणि मामींपर्यंत यातले काहीच पोचले नाही. यात आम्हा वकिलांचाही दोष आहे.

ओंजळ, तुमच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण तो माणूस अजून आत आहे. सही करण्याआधी एक मार्ग करून पाहा. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर सूचना दिल्या आहेत. जामिनाच्या आदेशानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे. एक महिन्यात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, असेही त्यात सुचवले आहे. प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असते आणि कोठडीतल्या माणसाला तिथे विनामूल्य वकील मिळतो. शिवाय रक्कम भरता न आल्याने अडकलेल्या कच्च्या कैद्यांसाठी केंद्र सरकारची २०२३ ची योजना आहे, तिच्यातून मदत होऊ शकते.

उत्तररात्र

यात एक हिशेबही जोडतो. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षे आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार पूर्वी कधीही दोषी न ठरलेला माणूस कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की त्याची सुटका व्हायला हवी, म्हणजे इथे एक वर्ष. मात्र त्याच्यावर एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तर ती सवलत नाही. माळरान यांच्या चुलत्यांसारख्या माणसांच्या मागे संशयाच्या नोंदी कशा वाढत जातात हे वाचल्यानंतर तो अपवाद मला फार अस्वस्थ करतो.

आणखी एक. याच वायरीची किंमत ५,००० रुपयांच्या आत असती, हा त्याचा पहिलाच गुन्हा असता आणि त्याने माल परत केला असता, तर दोषी ठरल्यावरही नव्या न्याय संहितेप्रमाणे, म्हणजे गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या नव्या कायद्याप्रमाणे, त्याला समाजसेवेची शिक्षा झाली असती. दोषी ठरूनही तुरुंग नाही. हा तर दोषी ठरण्याआधीच तीन महिने आत आहे.

ओंजळ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काय घडले ते सांगते.

मंगळवारी मी त्याच्या बायकोला घेऊन विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले. तिथे कळले की तुरुंगाकडून आलेल्या यादीत त्याचे नाव होते, पण त्याच्याशी बोलायला जायचे राहून गेले होते. त्या दिवशीच एका तरुण वकील मुलीची नेमणूक झाली आणि गुरुवारी तिने स्थानिक जामीनदाराची अट काढावी असा अर्ज दिला. न्यायाधीशांनी सरकारी पक्षाचे म्हणणे मागवले आहे आणि सोमवारची तारीख दिली आहे. भाऊ त्या दिवशी सात-बारा घेऊन पुन्हा येणार आहे.

काल संध्याकाळी यजमानांनी हा सगळा धागा वाचला. कलमकर यांचा पहिला प्रतिसाद आणि सायली यांचा शेवटचा, हे दोन्ही त्यांनी दोनदा वाचले. मग घरपट्टीची पावती शोधून टेबलावर ठेवली आणि म्हणाले की सोमवारी भावाला पुन्हा परत पाठवले, तर आपण सही करू, मी रजा घेतो. सासऱ्यांना अजून पटलेले नाही. आमच्या भिंतीचा गिलावा त्यानेच केला आहे, एवढे मात्र ते आज सकाळी आपणहून बोलले.

सायली, त्या वकील मुलीला मी तुमच्या मामींबद्दल सांगितले. साक्षीदारांना धमकावले जाते तेव्हा फिर्यादी पक्षाने अर्ज कसा करायचा, हे ती साध्या भाषेत लिहून देणार आहे. मिळाले की इथे टाकते.

जुना_नाझर

ओंजळ, सोमवारी अकराच्या आधी पोचा. घरपट्टीची पावती चालू वर्षाची हवी, तीही मूळ. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि दोन छायाचित्रे बरोबर ठेवा. यजमान सही करणार असतील आणि घर तुमच्या नावावर असेल तर तुमचेच नाव जामीनदार म्हणून लागेल, तेव्हा दोघेही जा. आदेश झाल्यावर मुक्ततेचा कागद तयार होईपर्यंत टेबलापासून हलू नका आणि तो तुरुंगाला ईमेलने गेला का, हे विचारून घ्या. संध्याकाळची मोजणी होऊन बराकी बंद झाल्या की सुटका मंगळवारवर जाते.